चादरीवरून गेलेली पट्टी

ताई : झोपलास ना परत?

धाकटा : नाही. डोळे मिटून बसलो होतो.

ताई : तोंड उघडं ठेवून? शेजारच्या आजी उठून पलीकडच्या बाकावर गेल्या. तुझं डोकं त्यांच्या मांडीवर पडणार होतं.

धाकटा : मग मला उठवायचंस.

ताई : उठवलं की. "हो, देतो ब्रश" म्हणालास आणि पायातली चप्पल काढून माझ्या हातात दिलीस. ही बघ. घाल आता, आणि नीट बस. आतला पेशंट बाहेर आला की आपलाच नंबर आहे.

धाकटा : उगाच आलोय इथे. साधा थकवा आहे. आपले नेहमीचे डॉक्टर म्हणालेच होते, रक्त कमी आहे.

ताई : त्यांच्या गोळ्या संपल्या, रक्त वाढलं, आणि त्यानंतर तुझी रंगाची पट्टी चादरीवरून गेली.

धाकटा : आलीस चादरीवर.

ताई : येणारच. बाबांच्या काळापासून भिंती रंगवतोय आपण, असं कधी झालं नव्हतं.

धाकटा : आत पट्टीचं सांगायचं नाही.

ताई : सगळ्यात आधी तेच सांगणार आहे. आणि तुला घरी सांगितलं ते पुन्हा एकदा सांगते. आत काही निघालं तर उपाय करू, मी आहे. पण नुसता आळसच आहे असं ठरलं, तर लॉन्ड्रीची भिंत संपली की तुझी वाट वेगळी, माझी वेगळी. त्या दाढीवाल्या पेंटरशी माझं बोलणं झालंय.

धाकटा : त्याची अक्षरं बघितलीस? पोट सुटल्यासारखी दिसतात.

ताई : सुटू देत. भिंतीवर राहतात ना?

धाकटा : बाबांनी केलेल्या आपल्या पाटीवर दोघांचीही नावं आहेत, ताई.

ताई : बाबा असते ना, तर त्यांनी कान धरून विचारलं असतं, रात्री जातोस कुठे म्हणून. मी तेवढंही विचारलं नाही.

धाकटा : कुठेही जात नाही. झोपतो.

ताई : तेच तर! रात्री झोपायचं, दिवसा पेंगायचं, आणि मधे वेळ मिळाला तर जांभया द्यायच्या. बरं, ते जाऊ दे. चादरवाल्या बाई परवा लॉन्ड्रीत आल्या होत्या. काय झालं माहितेय?

धाकटा : नको.

ताई : अरे, ऐक तरी. लॉन्ड्रीवाला काय म्हणतो…

धाकटा : ताई, नको म्हटलं ना!

ताई : हं. विसरलेच मी. तुला हल्ली माझं बोलणं सोसत नाही.

डॉक्टर : पुढचे कोण? या आत. दोघंही येताय?

ताई : हो. हा झोपेल, मी सांगेन.

डॉक्टर : बसा. त्रास कोणाला आहे?

ताई : दोघांना. झोप ह्याला येते, त्रास मला होतो. मी ह्याची मोठी बहीण. आम्ही दोघं मिळून पेंटरचं काम करतो. पाट्या, दुकानांची नावं, भिंती. सध्या एका लॉन्ड्रीची बाहेरची भिंत चाललीये. वर नाव, खाली कमरेएवढ्या उंचीवर निळी पट्टी. नाव मी रंगवत होते, पट्टी हा. आणि ती पट्टी गेली.

डॉक्टर : गेली म्हणजे? वाकडी गेली?

ताई : वाकडी गेली असती तर परवडलं असतं. सरळ गेली! भिंतीवरून खिडकीच्या काचेवर, काचेवरून पाण्याच्या पाइपवर, तिथून दोरीवर वाळत घातलेल्या कोणाच्या तरी चादरीवर, आणि चादर संपल्यावर पुन्हा भिंतीवर. मी शिडीवरून खाली बघते तर हा डाव्या हाताने चादर ताणून धरून उजव्या हाताने तिच्यावर ब्रश फिरवतोय. रेघ बाकी अशी, की दोरीनेही लाजावं.

डॉक्टर : तुम्हाला हे आठवतं का?

धाकटा : खिडकीच्या अलीकडपर्यंत आठवतं. नंतर एकदम हिची हाक.

डॉक्टर : आणि मधलं?

धाकटा : मधलं नाहीच.

डॉक्टर : डोळे उघडे होते?

ताई : टक्क उघडे. मी पाहिलेत. म्हणून तर वाटलं, ह्याने मुद्दाम केलं.

डॉक्टर : मुद्दाम कशाला करतील?

ताई : माझ्यावरच्या रागाने.

धाकटा : कसला राग?

डॉक्टर : थांबा. रागाकडे नंतर येऊ. आधी झोप. दिवसा कुठे कुठे झोप लागते?

धाकटा : बसलो की लागते. बसमध्ये. केस कापताना. कोणी हिशेब समजावून सांगत असलं की हमखास.

ताई : ती सगळ्यांनाच लागते.

धाकटा : एकदा जेवताना लागली. घास हातात होता.

डॉक्टर : डुलकी झाल्यावर बरं वाटतं?

धाकटा : एकदम. धुऊन वाळत घातल्यासारखं. पण थोडाच वेळ. मग पुन्हा डोळ्यांवर कोणी पोतं टाकल्यासारखं.

डॉक्टर : त्या छोट्या डुलकीत स्वप्न पडतं?

धाकटा : पडतं. कधीकधी तर मी अजून जागा असतो आणि स्वप्न आधीच सुरू झालेलं असतं.

डॉक्टर : हे महत्त्वाचं आहे, लिहून घेते. रात्री घोरता का?

ताई : नाही. आमच्या दोन खोल्यांमध्ये पातळ फळीची भिंत आहे. घोरत असता तर मीच ती फळी काढून डोक्यात घातली असती.

डॉक्टर : सकाळी जाग आल्यावर अंग हलवता येत नाही, असं कधी होतं? …सावकाश सांगा.

धाकटा : होतं. डोळे उघडतात, बाकी काही हलत नाही. दारात कोणीतरी उभं असतं. ओरडायचं असतं, आवाज फुटत नाही.

ताई : हे मला कधी सांगितलं नाहीस!

धाकटा : काय सांगू? तू म्हणाली असतीस, काहीतरी लागलंय ह्याला.

ताई : मी असलं काही मानत नाही.

धाकटा : मी मानायला लागलो होतो.

डॉक्टर : दारात कोणी नसतं. मेंदू जागा होतो आणि स्वप्न अजून आवरलेलं नसतं, तेव्हा असं दिसतं. पुष्कळ लोकांना दिसतं, ते सांगत नाहीत एवढंच. आता एक वेगळा प्रश्न. हसताना काही होतं का?

ताई : तो प्रश्नच येत नाही, डॉक्टर. हा हसतच नाही. मिठाची गुळणी धरल्यासारखा बसलेला असतो. आधी असा नव्हता. गडाबडा लोळायचा हसून हसून.

डॉक्टर : हसत नाहीत, की हसायचं टाळतात?

ताई : त्यात काय फरक आहे?

डॉक्टर : माझ्या दृष्टीने पुष्कळ. तुम्ही सांगा.

धाकटा : …ही जरा बाहेर बसली तर चालेल का?

ताई : मी हलणार नाही.

डॉक्टर : तुमची इच्छा असेल तर त्यांना बाहेर बसावंच लागेल.

ताई : बरं. जाते मी.

धाकटा : राहू दे. बस, ताई. …मावसभावाच्या लग्नात हिने नवऱ्यामुलाच्या आत्याची नक्कल केली होती. आत्याबाई फोटोसाठी पोट आत ओढतात आणि मग फोटोग्राफर "अजून एक" म्हणतो, ती. मी हसायला लागलो आणि गुडघे गेले.

डॉक्टर : गेले म्हणजे नेमकं काय?

धाकटा : दुखलं नाही. चक्कर नाही. बिजागरीतला खिळा काढून घ्यावा तसं. मान खाली, जबडा सैल, हात लोंबायला लागले. खाली पडलो. पण शुद्धीवर होतो. सगळं ऐकू येत होतं. मामा म्हणाले, ढोसून आलाय.

ताई : मीपण तेच म्हणाले.

धाकटा : हो. तेही ऐकू आलं.

डॉक्टर : किती वेळ टिकलं?

धाकटा : मला फार वाटला. पण उठलो तेव्हा फोटो चालूच होते, म्हणजे थोडाच असणार.

डॉक्टर : मग पुन्हा झालं?

धाकटा : एकदा शिडीवर. ही खालून काहीतरी बोलली, मला हसू आलं. दोन्ही हात शिडीत अडकवून कसाबसा लोंबकळत राहिलो. ही म्हणाली, माकडचेष्टा पुरे. त्या दिवशी कानाला खडा लावला. हसायचं नाही.

ताई : म्हणून तू शिडी सोडलीस?

धाकटा : हो.

ताई : आणि मी माझे दुखरे गुडघे घेऊन वर चढते आणि वरून तुला ऐदी म्हणते!

धाकटा : वरून बोललेलं खाली चांगलं ऐकू येतं.

डॉक्टर : कुठल्याही हसण्याने होतं का?

धाकटा : नाही. टीव्हीवरच्या विनोदांनी काही होत नाही. गिऱ्हाईकासमोर दात दाखवायचं हसू असतं, तेही चालतं. आतून आलं की होतं. आणि आतून हसू…

डॉक्टर : बोला.

धाकटा : आतून हसू हिच्यामुळेच येतं.

ताई : म्हणून माझ्यासमोर जेवायला बसत नाहीस?

धाकटा : कोशिंबीर वाढतानासुद्धा तू नकला करतेस. मी काय करू?

ताई : आणि मी… डॉक्टर, मी सासर सोडून माहेरी आले ना, त्यानंतर काही महिन्यांत हा असा झाला. ताट उचलून आतल्या खोलीत जायला लागला. मला वाटलं, मी जड झाले ह्याला. बोलता येत नाही म्हणून तोंड फिरवतो. मनात म्हटलं, आपणच वेगळं झालेलं बरं, हाकलायची वेळ कशाला आणायची. दाढीवाल्याशी मी उगाच नाही बोलले.

धाकटा : जड? अगं, बाबा गेल्यावर त्या घरात मी आणि रंगाचे डबे एवढेच होतो. तू आलीस आणि घरात पुन्हा आवाज सुरू झाला. तीच तर पंचाईत होती.

डॉक्टर : पाणी घ्या.

ताई : मला नको. …द्या.

डॉक्टर : मला काय वाटतं ते सांगते. नक्की नाव तपासणी झाल्यावरच सांगेन, आत्ता फक्त संशय. आपल्याला स्वप्न पडतं तेव्हा शरीर हातपाय सैल करून ठेवतं, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरंच अंथरुणातून पळत सुटला असता. जाग, झोप आणि स्वप्न यांच्यात एरवी चांगली पक्की दारं असतात. मेंदूतलं एक रसायन ती दारं सांभाळतं. काही जणांत ते फार कमी पडतं. मग दारं वाऱ्यावर लागतात आणि उघडतात. भर दुपारी, काम चालू असताना झोप आत शिरते आणि हात सवयीने चालत राहतात. ती तुमची पट्टी. खूप हसू आलं की स्वप्नातला सैलपणा जागेपणी येतो. ते तुमचे गुडघे. आणि सकाळी दारात उभा राहणारा, तोही त्यातलाच.

धाकटा : तिन्ही एकच?

डॉक्टर : असं मला वाटतं.

धाकटा : मी तिन्ही वेगवेगळ्या जागी लपवून ठेवली होती.

डॉक्टर : म्हणूनच कोणाला जुळवता आली नाहीत. तुमच्या डॉक्टरांना थकवा दाखवलात, त्यांनी थकवा तपासला.

ताई : म्हणजे आळस नाही?

डॉक्टर : आळशी माणूस झोपेत चादर ताणून धरत नाही.

ताई : मग बरं होणार?

डॉक्टर : मुळापासून जाईल असं खोटं सांगणार नाही. पण ताब्यात येतं. एक रात्र इथे झोपायचं, डोक्याला तारा लावून, आणि दुसऱ्या दिवशी ठरावीक वेळाने डुलक्या घ्यायच्या. आम्ही मोजतो.

धाकटा : डुलक्यांची परीक्षा?

डॉक्टर : हो. आणि तुम्ही त्यात पहिले याल अशी मला भीती आहे. नंतर औषधं ठरवू. तोपर्यंत शिडी बंद. स्कूटर असेल तर तीही बंद. दुपारी कामातून उठून थोडा वेळ झोपायचं, रोज, लाज न बाळगता. ती डुलकी औषधासारखी घ्यायची.

ताई : मी त्या डुलकीवर ब्रश धुवायचं पाणी शिंपडायचे.

डॉक्टर : आता नका शिंपडू.

धाकटा : आणि हसणं?

डॉक्टर : हसणं बंद करणं हा उपाय नव्हे. तो तुम्ही करून बघितलात, त्याचं काय झालं ते आत्ता ऐकलं मी. बसून हसा, पाठ टेकून हसा, आणि ज्याला माहीत आहे अशा माणसाजवळ हसा. कोणी सैल पडलं तर मानेला आधार द्यायचा, घाबरायचं नाही, पाणी मारायचं नाही. थोडा वेळ थांबायचं. आणि त्यांच्याशी बोलत राहायचं, कारण ते ऐकत असतात.

ताई : सगळं?

डॉक्टर : सगळं. म्हणून जपून बोला.

(दवाखान्याच्या बाहेरच्या पायऱ्यांवर.)

धाकटा : दाढीवाल्याला सांग, सोमवारपासून ये म्हणून.

ताई : का?

धाकटा : शिडी मला बंद झाली. स्कूटर बंद. दुपारी झोपणार. असला भागीदार कोण ठेवतं? आणि माझी कीव करून ठेवणार असशील, तर नकोच.

ताई : झालं तुझं? आता ऐक. दाढीवाल्याला मी बोलावणारच आहे.

धाकटा : …बरं.

ताई : वर उभं राहायला. शिडी गेली खड्ड्यात, आपण परांची बांधून घेऊ, म्हणजे माझे गुडघेही वाचतील. अक्षरं तू खाली बसून कागदावर पूर्ण मापाची काढायचीस. कागदाला टाचणीने भोकं पाडायची, दाढीवाल्याने तो भिंतीला लावून वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. भिंतीवर अक्षर तुझं उमटेल, तो फक्त रंग भरेल. मग बघू पोट कसं सुटतं.

धाकटा : बाबा असंच करायचे, मोठ्या पाट्यांना.

ताई : बाबांनी केलं तर ते कौशल्य, आणि तुझ्यासाठी केलं की कीव होय रे? चादरीवर झोपेत सरळ रेघ मारणारा माणूस मी दुसऱ्याला देईन होय? तुला जागेपणी काय काय येत असेल!

धाकटा : दुपारच्या डुलकीचं लॉन्ड्रीवाल्याला काय सांगणार?

ताई : खरं तेच. तो काय म्हणेल तेही मला माहीत आहे. "म्हणजे कसं, पेंटर झोपलेत, म्हणजे कसं, झोपेत बरे राहतात ना, की चादरी आत घेऊ?"

धाकटा : ताई! नको. तो नाकातला आवाज नको.

ताई : आधी बस. इथे, खालच्या पायरीवर. पाठ भिंतीला लाव. पूर्ण टेक. मी बाजूला बसते, हा हात तुझ्या मानेमागे. आता चादरवाल्या बाईंचं सांगू?

धाकटा : लोक येतायत-जातायत.

ताई : लोकांना दवाखान्याच्या पायरीवर माणूस टेकलेला दिसेल. त्यात नवल काय? सांगू?

धाकटा : …धरलंयस ना?

ताई : धरलंय.

धाकटा : सांग.

ताई : तर चादर तीनदा धुतली, पट्टी हटेना. आपलं इनॅमल, ते कसलं हटतंय. शेवटी बाई आल्या न्यायला. लॉन्ड्रीवाल्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. "म्हणजे कसं बाई, चादर स्वच्छ आहे, म्हणजे कसं, पण तिच्यावरून जरा भिंत गेलीये." बाईंनी घडी उलगडली. चष्मा लावला. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. लॉन्ड्रीवाला आपला कपाळावरचा घाम पुसतोय. आणि बाई म्हणतात, "किती सरळ आहे हो! उशांचे अभ्रे घेऊन येऊ का उद्या?"

धाकटा : नाही… खरंच?

ताई : थांब, पुढे. "आणते," म्हणाल्या, "पण दोरीवर मीच वाळत घालायचे, की पेंटर स्वतः घालून घेतात?"

धाकटा : घालून… हा हा हा… ताई… ता…

ताई : हं. आलं. असू दे. मान सोड, माझ्या हातावर येऊ दे. मी घाबरलेले नाही. म्हणजे घाबरलेय, पण हात हलणार नाही, ब्रश धरून धरून घट्ट झालाय. …काका, काही नाही, तुम्ही जा. हा माझा भाऊ आहे, हसतोय. …तुला ऐकू येतंय ना? मग ऐक, आत्ता उलट उत्तर द्यायची सोय नाही तोवर सांगून टाकते. त्या लग्नात मी तुला दारुडा म्हणाले. चुकलं माझं. आणि आजपासून ताट घेऊन आतल्या खोलीत गेलास तर मी ती फळीची भिंतच काढून टाकीन. खाली बसून जेवायचं, माझ्यासमोर, पाठ टेकून. घास गेल्यावरच नक्कल करेन, आधी नाही, एवढं कळतं मला. …बोटं हलली. हं. घाई नको.

धाकटा : …ऐकलं.

ताई : काय?

धाकटा : सगळं. काकांचंपण. "हसतोय" म्हणालीस.

ताई : मग काय खोटं सांगितलं? कसं वाटतंय? पाणी आणू? चल, घरी जाऊन झोप थोडा.

धाकटा : झोपतो. पण आधी ते अभ्र्यांचं परत सांग.